यापेक्षा लहान आहे का?

तयार कपड्यांवर आमच्या मामांइतकं निरपेक्ष प्रेम केलेला माणूस मुळशी तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि तयार कपड्यांनी ज्याला इतक्या चिकाटीनं झिडकारलं असाही दुसरा झाला नाही. निरपेक्ष हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. पन्नाशी उलटली तरी दुकानातून आणून सरळ अंगात घातलेला एकही कपडा मामांना मिळाला नव्हता. तरीही महिन्या-दोन महिन्यांनी ते आमच्या कोळवण गावातून जीपनं पौडला आणि पौडातून एसटीनं पुण्याला जायचे, लक्ष्मी रोडच्या एका टोकाला शिरायचे आणि सावकाश दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचे. स्वतःसाठी काही घेतलेलं नसायचं, पण चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा असायचा. परत आले की आमच्या ओट्यावर बसून सांगायचे, "औंदा गळ्याची पट्टी बारीक आलीय. आन रंग समदे भिजल्या मातीचे." औंदा भात कसं आहे हे विचारायला लोक त्यांच्याकडं यायचे आणि औंदा गळा कसा आहे हे ऐकून परत जायचे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. ते गावाचे मामा. त्यांची बहीण आमच्या आळीत दिलेली. भातलावणीला मेहुण्यांना हात द्यायचा म्हणून ते भोरकडून आले, आणि लावणी उरकली तरी राहिले. पुढं मेहुणे गेले, काही वर्षांनी बहीणही गेली, आणि त्या घरात मामा आणि बहिणीची लहानगी मुलगी मनू अशी दोघंच उरली. मनू त्यांना मामा म्हणायची म्हणून मग सगळं गावच म्हणायला लागलं. माझे वडील म्हणायचे, आणि वडिलांपेक्षा वयानं मोठे असलेले सरपंचही म्हणायचे. मामांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "मापाची शेरवानी घावली न्हाई." हे ते गमतीनं म्हणायचे की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहिणीनं जाण्याआधी त्यांच्याकडून एकच शब्द घेतला होता. आमच्याकडं लग्नात मुलीचा मामा तिला हाताला धरून मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मनूच्या मागं तू उभा राहा, असं बहीण, म्हणजे त्यांची अक्का, म्हणाली होती. मामांनी शेत पाहिलं, पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांची राखण केली, मनूच्या वेण्या घातल्या, तिला हॉस्टेलवर ठेवून इंजिनिअर केलं. पण या सगळ्याला ते काम म्हणायचेच नाहीत. काम म्हणजे ते एक. "तेवढं उभा राह्यलो की मी मोकळा," म्हणायचे.

मामा मोठे होते. जाड, लठ्ठ हे शब्द मला त्यांच्यासाठी वापरवत नाहीत, कारण ते ऐकले की माणूस कुठंतरी जास्त झाल्यासारखा वाटतो, आणि मामा मला कधीच जास्त वाटले नाहीत. ते एका वेळी पुष्कळ होते, एवढंच. पौडच्या स्टँडवर ते जीपमध्ये बसले की जीप भरली असं समजून ड्रायव्हर चावी फिरवायचा, त्यामुळं ज्यांना घाई असायची अशी माणसं मामांची वाट बघत थांबायची. उन्हाळ्यात बंगल्यावर राखणीला बसले की गल्लीतली दोन कुत्री त्यांच्या सावलीत झोपायची आणि सूर्याबरोबर सरकायची. एका साखरपुड्यात मामा खुर्चीतून उठले आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. तेव्हापासून हात असलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. कार्यात कठडा, पायरी, ओटा असं काहीतरी हेरून तिथं बसायचे आणि कुणी खुर्ची आणली तर म्हणायचे, "राहू द्या, मला मोकळी हवा लागती."

त्यांच्या कपड्यांची कथा मात्र आहेरापासून सुरू करायला हवी. आमच्याकडं लग्नाच्या आहेरात पुरुषाला टॉवेल, टोपी आणि एक शर्टपीस देतात. हा शर्टपीस कापड गिरणीनं साधारण माणूस मनात धरून कापलेला असतो. मामांच्या शर्टाची त्यात नुसती पाठ व्हायची. पुढचं अंग आणि बाह्या यांच्यासाठी दुसरा शर्टपीस लागायचा, आणि एका माणसाला एकाच लग्नात दोन शर्टपीस द्यायची रीत नाही. त्यामुळं मामांच्या पत्र्याच्या पेटीत एकेका लग्नाचा एकेक शर्टपीस साठत गेला, सगळे वेगवेगळ्या रंगांचे, सगळे अपुरे. मग मामा लग्नात अक्षता पडल्या की जेवणाच्या पंगतीकडं न जाता आहेर घेऊन उतरणाऱ्या पाहुण्यांकडं जायचे. कुणाला आपल्यासारखाच पीस मिळाला आहे का, हे त्यांची नजर लांबूनच हेरायची. "पाव्हनं, ही निळी चौकट मला द्या, माझ्याकडं मागच्या लग्नातली जोड हाय. तुमाला ही क्रीम देतो, तुमच्या रंगाला उठून दिसंल." पाहुणे हसायचे आणि द्यायचे. बहुतेक वेळा मात्र जोड जमायची नाही, आणि मग मामा ते दोन भिन्न स्वभावाचे शर्टपीस घेऊन पौडच्या टेलरचाचांकडं जायचे.

हे चाचा म्हणजे पौडच्या बाजारातले जुने शिंपी, आणि मामांचे समवयस्क मित्र. त्यांनी मामांना आयुष्यभर दोन रंगांचे शर्ट शिवले. पुढून बारीक रेघा आणि मागून साधा आकाशी, पुढून मोतिया आणि मागून चॉकलेटी. समोरून आलेले मामा आणि निघून गेलेले मामा हे दोन वेगळे गृहस्थ वाटायचे. चाचा माप घेताना कधी टेप मांडून घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "मामा, तुमचं माप काय घ्यायचं. तुमी दारात उभं राह्यलं की दुकानात अंधार किती पडतोय त्यावरनं कळतंया." मामा म्हणायचे, "मग ह्या खेपंला दिवा लावून शीव. मागच्या खेपंला काखंत आखडलं हुतं." दोघंही बराच वेळ हसायचे. पण शर्टाची घडी काखेत घालून जीपकडं चालताना मामा एकदा मला म्हणाले होते, "चाचा झ्याक शिवतो. पन हे माज्यासाठी केलेलं असतंय रं. दुकानात टांगलेलं असतंय ना, ते कुणासाठीच केलेलं नसतंय, आन तरीबी लोकास्नी बसतंय. तसं एकदा बसाय पायजे."

एवढ्याशा हौसेपायी त्यांनी काय काय ऐकून घेतलं ते मी पाहिलं आहे. दुकानाच्या पायरीवर मामांचा एक पाय पडायचा आणि आतून सेल्समन सांगायचा, "तुमच्या साइजमध्ये नाहीये काका." अजून मामांनी तोंड उघडलेलं नसायचं. काही ठिकाणी दया म्हणून डबल एक्सएल काढून दाखवायचे. तो घातला की हात वर जाईना आणि गेला तर खाली येईना. एका कंपनीचा डबल एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या साध्या एलएवढा निघायचा. ट्रिपल एक्सएल म्हणून मोठ्या गाजावाजानं आणलेला शर्ट फक्त लांबीला वाढलेला असायचा, जणू मोठा माणूस म्हणजे उंच माणूस. मामा तो हळूच घडी घालून काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यांचं एक्स वाढत्यात, कापड वाढत न्हाई." काचेमागच्या, डोकं नसलेल्या पुतळ्यांसमोर ते बराच वेळ उभे राहायचे. "बघ," मला म्हणायचे, "ह्याला डोकं न्हाई तरी चालतंया. माप तेवढं बराबर हाय."

मग त्यांना एक युक्ती सापडली, आणि त्या युक्तीचा फायदा मला झाला. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. वडिलांच्या मजुरीत फी भागायची, कपडे भागायचे नाहीत. मामांच्या लक्षात आलं की पायरीवर पाय ठेवतानाच "माझ्यासाठी न्हाई, भाच्यासाठी बघायचंय," असं म्हटलं की सेल्समनचा चेहरा बदलतो, तो पंखा लावतो, पाणी विचारतो आणि गठ्ठेच्या गठ्ठे उलगडतो. माझं अंग तेव्हा हँगरसारखंच होतं. दुकानातलं काहीही घाला, शोभायचं. मामा मला पुढं घालून दुकानात शिरायचे आणि मग त्या दुकानाचे राजे व्हायचे. कापड दोन बोटांत घेऊन चुरगळायचे, शिवण उलटून बघायचे, नव्या शर्टाला नाक लावून डोळे मिटायचे. मी ट्रायल रूममधून बाहेर आलो की म्हणायचे, "फिर." मी फिरायचो. "अजून एकदा फिर, सावकाश." आरशात मी असायचो, पण ते स्वतःकडं बघावं तसे बघायचे. एकदा माझ्या खांद्याची शिवण बोटानं नीट करता करता त्यांचा दुसरा हात आपल्याच खांद्यावर गेला, आणि मी पाहतोय हे दिसल्यावर त्यांनी तिथं खाजवलं. ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत, मी पास होण्याच्या आधीपासून पदवीधर म्हणायचे. माझ्या पहिल्या मुलाखतीचा फिकट निळा शर्ट त्यांनीच घेतला. नोकरी लागल्याचं सांगायला गेलो तर पेढा तोंडात टाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बटन कुटलं लावलं हुतंस? वरचं का दुसरं?"

मनूचं लग्न ठरलं तेव्हा मी पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होतो. मुलगा तिच्याच कंपनीतला, स्वभावानं चांगला. लग्न मुळशी धरणाच्या काठच्या एका रिसॉर्टवर करायचं ठरलं, आणि सगळ्या घरच्या पुरुषांनी एकसारखा पिस्ता रंगाचा कुर्ता आणि त्यावर त्याच रंगाचं जाकीट घालायचं, असंही ठरलं. ते कपडे मनू ऑनलाइन एकदम मागवणार होती. फोनवरच्या ग्रुपवर तिनं सगळ्यांना आपापली साइज लिहायला सांगितलं. कुणी एम लिहिलं, कुणी एल, कुणी एक्सएल आणि पुढं हसरा चेहरा. मामांनी दिवसभर फोन हातात घेऊन काढला आणि संध्याकाळी लिहिलं, "मला कोणतंही चालेल." अशी माणसं आमच्याकडं फार. त्यांना जेवायला काय करू विचारलं तरी ती काहीही कर म्हणतात. मनूनं कामाच्या गडबडीत सगळ्यात मोठी जी साइज यादीत दिसत होती ती मागवली.

पार्सल आलं त्या रविवारी मी घरीच होतो. मामांनी हात धुतले, दार लोटलं आणि आत गेले. बराच वेळ आतून कापडाची कुरकुर ऐकू आली. बाहेर आले तेव्हा कुर्ता त्यांच्या हातावर होता. "बाहीतच अडाकतंय," म्हणाले. आम्ही तो घेऊन चाचांकडं गेलो. चाचांनी तो टेबलावर पसरला, जाकीट पसरलं, आणि पहिल्यांदाच मामांची चेष्टा केली नाही. "हे कापड हितं मिळायचं न्हाई. दोनी बाजूला पांढरी पट्टी घालून रुंद करतो. तुमी हात खाली ठिवलं तर दिसायची न्हाई."

"न्हाई," मामा म्हणाले.

"आजवर कदी न्हाई म्हनला न्हाई तुमी."

"आजवर मनूचं लगीन न्हवतं. पोरीच्या मागं ठिगाळ लावून उभा न्हाई राहनार मी."

त्यांनी कुर्त्याची जशी होती तशी घडी घातली आणि त्यावरचं चुरगळलेलं प्लॅस्टिक हातानं सपाट करून परत चढवलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी मामांकडं बसलो असताना मनूचा फोन आला; कुर्त्याचं मीच तिला कळवलं होतं. मामांनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला लावून बोलणं म्हणजे कानात काही सांगितल्यासारखं वाटायचं. ती म्हणाली, "मामा, कुर्ता नाही झाला ना? सॉरी रे. त्यांच्याकडं याहून मोठा नाहीच आहे. तू असं कर, तुझा नेहमीचा पुढून पांढरा शर्ट घाल, छान दिसतोस तू त्यात. आणि ऐक, मागं उभं राहायला सुरेशमामा आहेत. फोटोत सगळे एकसारखे दिसतील आणि तुझ्या गुडघ्यांनाही त्रास नको. तू पुढं बस, मस्त आरामात. मी तुला बघत राहीन." सुरेशमामा म्हणजे तिच्या आईचे चुलतभाऊ, बँकेत होते, अंगानं एल. मनूच्या आवाजात काळजीच होती. मी तिला लहानपणापासून ओळखतो, ती मामांना दुखवायचं म्हणून काही बोलणारी मुलगी नाही. मामा म्हणाले, "चालंल की. त्यात काय." फोन ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसले. चूल पेटवायची होती, पण त्यांनी काडी ओढली नाही. काडेपेटी हातात फिरवत म्हणाले, "अक्काला म्हनलो हुतो मी उभा राहीन."

त्या रात्री मला काही सुचलं नाही. सकाळी ऑफिसात मी फोनवर शोधत बसलो आणि मला पुण्यात फक्त मोठ्या मापाच्या कपड्यांचं एक दुकान सापडलं. मामांना मी दुकान कसलं ते सांगितलं नाही. नेहमीसारखं मला काहीतरी घ्यायचं आहे, तुम्ही चला, एवढंच म्हणालो. पायरीवर पाय ठेवताना मामा सवयीनं बोलले, "माझ्यासाठी न्हाई, भाच्यासाठी बघायचंय." काउंटरमागचा माणूस उठला. तो मामांहूनही मोठा होता. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "यांच्या मापाचं आपल्याकडं काही नाही हो. तुमचं बघू का?"

मामा थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं, मागं कुणी दुसरा आहे का म्हणून. दुकानातल्या खुर्च्यांना हात नव्हते, हे मला तेव्हा दिसलं. आरसा एवढा रुंद होता की मामा त्याच्यासमोर उभे राहिले तरी दोन्ही बाजूंना भिंत उरत होती. पुतळ्यालासुद्धा पोट होतं. मामांनी त्या पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला, जणू न विचारता कुणाला हात लावला. पिस्ता रंगाचा कुर्ता तिथं नव्हता. सेल्समननं जांभळ्या रंगाचा काढला, पिकलेल्या जांभळाचा असतो तो रंग, गळ्याला बारीक जरीची कड असलेला. मामा तो घेऊन ट्रायल रूममध्ये गेले. मी बाहेर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ट्रायल रूमच्या बाहेर होतो आणि ते आत होते, आणि कापडाची कुरकुर ऐकू येते का म्हणून मी कान देत होतो. काही आवाज आला नाही.

मामा बाहेर आले. कुर्ता त्यांच्या अंगावरून सरळ खाली उतरला होता. खांदे थोडे उतरल्यासारखे दिसत होते आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. ते आरशाकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

"पदवीधर," ते हळू म्हणाले, "ढगळ होतंया रं."

"मग?"

ते सेल्समनकडं वळले आणि त्यांनी विचारलं, "ह्याच्यापेक्षा लहान हाय का?" सेल्समन आणायला वळला. तो दोन पावलं गेला असेल, तर मामांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिकडं कोपऱ्यात बायकोबरोबर पँट बघत असलेले एक गृहस्थ होते, त्यांच्यापर्यंत जावं इतकं मोठ्यानं. "म्हनलं, ह्याच्यापेक्षा लहान हाय का?" लहान आणलं. ते बसलं. मामा आरशासमोर उभे राहिले. मी म्हणालो, "फिरा." ते फिरले. "अजून एकदा फिरा मामा, सावकाश."

रिसॉर्टवर पाण्याच्या बाजूला मांडव घातला होता. सगळीकडं पिस्ता रंग. लांबून बघितलं तर आवणातली भाताची रोपं लावून ठेवल्यासारखी माणसं दिसत होती. मामा एका कठड्यावर बसले होते, जांभळ्या कुर्त्यात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. फोनवर ते चालंल की म्हणाले होते, आणि दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. पण त्यांनी दोन माणसांना दोन शब्द दिलेले होते. गुरुजींनी मुलीला आणायला सांगितलं. सुरेशमामा जाकीट ओढून खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार उघडलं, मनू बाहेर आली. तिनं हात पुढं केला आणि तेवढ्यात तिला कठड्यावरचा तो रंग दिसला. ती तिथंच थांबली.

"मामा," ती म्हणाली, "हा कुठून शिवलास?"

मामा कठड्यावरून उतरले आणि तिच्यापर्यंत चालत गेले. "शिवला न्हाई," म्हणाले. "दुकानातनं आनला. टांगलेला हुता."

मनूला त्याचा अर्थ कळत होता. ती त्या घरात, दोरीवर वाळणाऱ्या त्या दोनरंगी शर्टांखाली वाढली होती. तिनं बोटानं त्यांच्या खांद्याची शिवण चाचपली, जिथं पाहिजे तिथंच होती ती, आणि आपला हात त्यांच्या हातात दिला. सुरेशमामा चांगले गृहस्थ, ते आपण होऊन मागं सरले. बोहल्यावर मामा तिच्या पाठीशी जाऊन उभे राहिल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "जांभळ्या कुर्त्यातले काका, जरा बाजूला होता का? फ्रेम सगळी पिस्ता पाहिजे." हा माणूस आयुष्यभर जीपमध्ये, एसटीत, दुकानाच्या दारात, पंगतीत बाजूला होत आला होता, मला वाटलं आताही होईल. मामा हलले नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पोरीचा मामा मी हाय. फ्रेमला सांगा बाजूला व्हायला." अक्षता सुरू झाल्या. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत ते तसेच उभे होते. गुडघ्यांवर हात टेकायलाही ते वाकले नाहीत.

मनू नवऱ्याबरोबर परदेशी गेली. अल्बममधला एक फोटो मामांनी फ्रेम करून घेतला आहे. त्यात मनू आहे आणि तिच्यामागं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळं जांभळं आहे. "मागं पडदा लावायचा खर्च वाचला बघ त्यांचा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. येणारे मात्र कमी होत गेले. चाचांचे डोळे गेले, दुकान बंद झालं. मीही भूगावला राहायला गेलो, आणि माझं येणं रविवारचं महिन्यावर, महिन्याचं सणावर गेलं. मामांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी भात बंद केला. कोळवणात राहून भात बंद म्हणजे माणसानं खायचं काय. एकट्यासाठी भाकरी थापायचा त्यांना कंटाळा येतो. चहात बिस्किटं बुडवून ते रात्र काढतात.

परवा गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. हात असलेल्या खुर्चीवर, नीट, मावून. मी येणार म्हणून त्यांनी जांभळा कुर्ता घातला होता. तो त्यांच्या अंगावर वाळत टाकल्यासारखा दिसत होता. खांद्याची शिवण पार दंडावर आली होती. मी म्हणालो, "मामा, चला पुण्याला. आता कुठल्याही दुकानात तुमच्या मापाचं मिळेल."

"मिळंल," ते म्हणाले. "आता मिळंल." शेजारच्या बंगल्यावर कुणी नव्हतं. वाऱ्यानं त्याचं फाटक थोडं उघडत होतं आणि परत लागत होतं.

"मग हा तरी द्या, आल्टर करून आणतो. दोन्ही बाजूंनी आत घेतला की नीट बसेल."

त्यांनी दोन्ही मुठींत कुर्त्याचं मोकळं कापड धरलं आणि पोटाशी घेतलं, मी आत्ताच कात्री काढणार असल्यासारखं. "नगं. आत घेऊ नगंस," म्हणाले. "मनू येनार हाय दिवाळीला. तवर भरीन मी."